झीज कुठे पडावी: मालमोटारीच्या पाट्याच्या बुशाचा इतिहास

मोटारगाडीचा इतिहास बहुधा इंजिनाच्या अंगाने लिहिला जातो, कारण गाडीला शक्ती कुठून मिळाली हा प्रश्न अभ्यासकाला आधी सुचतो. त्या शक्तीने ओझे वाहून नेताना गाडी कुठे झिजली आणि ती झीज कोणी भरून काढली, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. मालमोटारीच्या पाट्याच्या टोकाशी बसणारा बुश, म्हणजे धातूची किंवा रबराची एक आखूड नळी, हा याच दुर्लक्षित प्रश्नाच्या केंद्रस्थानी असलेला भाग आहे. तो मुठीत मावतो, संपूर्ण गाडीच्या मानाने त्याची किंमत नगण्य असते, आणि त्याची नेमणूकच झिजण्यासाठी झालेली असते. पाटा आणि चॅसीवरील ब्रॅकेट हे त्याच्याहून कितीतरी महाग भाग शाबूत राहावेत म्हणून घर्षण त्याच्या वाट्याला दिलेले असते. झीज टाळता येत नसेल तर ती निदान कुठे पडावी हे माणसाने ठरवावे, हा विचार गाड्यांच्या बांधणीत हळूहळू रुजला, आणि तो रुजल्यामुळेच ज्याच्याकडे कारखाना नाही अशा मालकालाही आपली गाडी घराच्या अंगणात दुरुस्त करणे शक्य झाले.

या भागाचे काम समजण्यासाठी आधी पाट्याची रचना पाहावी लागते. मालमोटारीच्या आसाला आडव्या बसवलेल्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या जुडग्याला महाराष्ट्रातल्या गॅरेजांत पाटे म्हणतात. या पट्ट्या मधोमध सेंटर बोल्टने एकत्र धरलेल्या असतात आणि इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या दोन यू-बोल्टांनी आसाला घट्ट आवळलेल्या असतात. सर्वांत लांब पट्टी म्हणजे मेन पाटा. त्याची दोन्ही टोके गोल वळवून डोळे केलेले असतात आणि त्या डोळ्यांतून आरपार जाणाऱ्या पिनांवर गाडीचा भार तोललेला असतो. पाटा कमानदार असल्यामुळे त्यावर वजन पडले की कमान सपाट होते, आणि कमान सपाट झाली की तिच्या दोन टोकांमधले अंतर वाढते. दोन्ही टोके चॅसीला पक्की जखडली तर पाट्याला वाकायला वावच राहणार नाही. म्हणून एक टोक ब्रॅकेटमध्ये पिनेने स्थिर ठेवतात आणि दुसरे शॅकल नावाच्या झुलत्या कडीला अडकवतात, जी पाट्याची लांबी बदलेल तशी पुढेमागे हलते. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यागणिक पिनेभोवती डोळा थोडासा फिरतो, आणि हे थोडेसे फिरणे दिवसातून हजारो वेळा, टनावारी ओझ्याखाली घडते. बुश बसतो तो नेमका या फिरत्या जागी, पिन आणि डोळा यांच्या मध्ये.

दख्खनमध्ये या सर्व रचनेची गरज दीर्घकाळ पडली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या पठारावरची बरीचशी दूरची मालवाहतूक लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून होई, आणि जिथे बैलगाडी चाले तिथे तिचा सांगाडा थेट आखावर टेकलेला असे. बैलाच्या चालीने जाणाऱ्या गाडीला हादऱ्यांची फार तमा नसते. तिची खरी झीज चाकाच्या तुंब्यात होते, जिथे लाकूड आखावर घासते. लोखंडी आखाच्या गाड्यांत याच तुंब्यामध्ये लोखंडी नळी बसवण्याची पद्धत होती, आणि वंगणाचे बांबूचे नळकांडे गाडीला टांगलेले असे. म्हणजे घासण्याच्या जागी वेगळा, बदलता येणारा तुकडा घालायचा आणि त्याला वंगण देत राहायचे, हे तत्त्व गावच्या सुताराला आणि लोहाराला परके नव्हते. ट्रकच्या बुशाची हाताळणी पुढे ग्रामीण कारागिरांनी इतक्या सहजपणे उचलली त्याचे एक कारण या जुन्या ओळखीत शोधावे लागते.

पोलादी पाटा मात्र बाहेरून आला. सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेला उतरला आणि पुढे त्याने जहांगीर बादशहाला इंग्रजी बनावटीचा घोड्यांचा रथ नजर केला. बादशहाने त्याचे अस्तर बदलले, पितळी खिळ्यांच्या जागी चांदीचे खिळे लावले आणि त्याच नमुन्याचा दुसरा रथ आपल्या कारागिरांकडून करवून घेतला. अजमेरच्या दरबारात अस्तराची आणि खिळ्यांची एवढी चिकित्सा झाली, पण पाट्यांची चर्चा होण्याचे कारणच नव्हते, कारण त्या काळच्या इंग्रजी रथांना पोलादी पाटे नसत. इंग्लंडात त्यांचे प्रयोग सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतात. सॅम्युएल पेप्सच्या रोजनिशीत १६६५ साली स्प्रिंग बसवलेल्या गाड्यांच्या चाचण्यांची नोंद आहे, आणि रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्या प्रश्नात रस होता. त्याच मंडळींपैकी रॉबर्ट हुक याने १६७८ मध्ये ताण आणि विस्तार यांचे प्रमाण सांगणारा आपला नियम विस्ताराने मांडला, जो आजही पाट्यांच्या हिशेबाचा पाया आहे.

अठराव्या शतकात पोलाद सुधारले. शेफिल्डजवळ घड्याळे बनवणाऱ्या बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या सुमारास मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद तयार केले, आणि त्यामागची प्रेरणा घड्याळाच्या स्प्रिंगसाठी निर्दोष धातू मिळावा ही होती. (मुशीतले पोलाद दख्खनला नवे नव्हते, आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम येथील पोलाद इराणपर्यंत जात असे, पण त्याची कीर्ती तलवारीच्या पात्यासाठी होती.) लंडनचा गाडीकारागीर विल्यम फेल्टन याने १७९० च्या दशकात गाड्यांवर जो ग्रंथ लिहिला त्यात स्प्रिंगांचे वेगवेगळे प्रकार तपशीलवार दिलेले आहेत, यावरून शतकाच्या अखेरीस हा स्वतंत्र धंदा झाला होता असे म्हणता येते. त्यानंतर ओबेडाया इलियट याने १८०४-०५ च्या सुमारास दोन कमानी एकमेकींसमोर जोडून लंबगोल पाट्याची गाडी आणली आणि तिच्यामुळे गाडीच्या पोटाखालचा जड लाकडी कणा काढून टाकता आला. गाडी हलकी झाली, पण टोकांच्या सांध्यांवर पूर्वीपेक्षा जास्त जबाबदारी आली. या सांध्यांत बहुधा साधा बोल्ट थेट पाट्याच्या डोळ्यातून ओवलेला असे. तो झिजला की बोल्ट बदलत आणि डोळाच रुंदावला की पाटा भट्टीवर नेत. घोड्याच्या गतीला आणि बग्गीच्या वजनाला हे पुरत होते.

पश्चिम भारतात चाकाच्या वाहतुकीला खरा वाव १८३० नंतर मिळाला, कारण त्या वर्षी गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला आणि मुंबईहून पुण्याला गाडीने जाणे शक्य झाले. पुढच्या काळातील टांगे आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया यांच्याखाली कमानदार पाटे होते. १६ एप्रिल १८५३ पासून मुंबई-ठाणे धावू लागलेल्या रेल्वेबरोबर मालडब्यांचे जाडजूड पाटे आणि त्यांची निगा राखणारे कारखाने आले. पाटा तापवणे, त्याची बसलेली कमान ठोकून पुन्हा उभी करणे आणि तेलात बुडवून त्याला पाणी देणे, म्हणजे ठरावीक वेगाने थंड करून त्यात कठीणपणा आणणे, ही कौशल्ये मोटारी येण्याआधीच मुंबईच्या लोहारकामात मुरलेली होती. मोटारींनी त्यांना नवे काम दिले एवढेच.

हे नवे काम जुन्यापेक्षा वेगळे ठरले ते वेगामुळे. मोटारीचे पाटे घोडागाडीच्या तुलनेत कितीतरी जलद हलू लागले, आणि पोलादी बोल्टावर पोलादी डोळा घासणे परवडेनासे झाले. डोळा झिजून लांबट झाला की मेन पाटाच टाकून द्यावा लागे. म्हणून डोळ्यात मऊ धातूचा बुश ठोकून बसवण्याची रीत रूढ झाली, ज्यात कठीण केलेली पिन टिकते आणि बुश झिजतो. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पाटे आसाला समांतर आडवे होते, रचना अगदी निराळी होती, तरी शॅकलच्या जागी बुश आणि त्याला तेल देण्याची सोय होतीच. सुरुवातीच्या मोटारमालकाच्या दिनक्रमात हातात तेलाची बुधली घेऊन गाडीभोवती फिरणे हा नित्याचा भाग होता. ग्रीस दाबाने भरण्याची पद्धत १९१० च्या दशकात अमेरिकेत प्रचारात आली, आणि ऑस्कर झेर्क याला १९२९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेली छोटी झडपदार निप्पल इतकी सोयीची ठरली की आजही अनेक मालमोटारींच्या पिनेच्या तोंडाशी तिचीच वंशावळ दिसते. ग्रीस गनने भरलेले ग्रीस पिनेच्या पोटातील भोकातून बुशाच्या आतल्या चरांत पसरते आणि कडेने बाहेर येताना धूळ व पाणी ढकलून देते. हे शेवटचे काम वंगणाइतकेच मोलाचे असते.

बुशासाठी निवडला गेलेला धातू म्हणजे गनमेटल. त्याच्या प्रसिद्ध मिश्रणात तांबे ८८, कथील १० आणि जस्त २ टक्के असते. नावाप्रमाणे तो पूर्वी तोफांसाठी ओतला जाई. तो पोलादापेक्षा मऊ असतो, पिनेला ओरखडत नाही, ओल्या जागी गंजत नाही, आणि लहान भट्टीतही ओतता येतो. तांब्या-कथिलाच्या ओतकामाची परंपरा दख्खनमध्ये जुनी आहे. विजापूरच्या बुरुजावरील मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली होती, आणि घंटा, समया, मूर्ती ओतणारे ओतारी गावोगावी होते. ट्रकच्या बुशाचा आणि त्या तोफेचा थेट वारसा जोडणे अतिशयोक्तीचे होईल, पण विसाव्या शतकात शहराच्या कडेला गनमेटलच्या कांड्या ओतणाऱ्या लहान भट्ट्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना माहीतगार हात शोधायला दूर जावे लागले नाही, इतके म्हणता येते.

भट्टीतून आलेली कांडी बुश होते ती लेथवर, आणि या यंत्राच्या प्रसाराचा इतिहास बुशाच्या इतिहासाला समांतर चालतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग जहाजाने येत, इथे गाडी उभी राही, आणि बदली बुशही परदेशी डब्यातूनच मिळत. दुसऱ्या महायुद्धात ही आयात आटली. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या ट्रकांचा आणि जीपगाड्यांचा मोठा साठा विक्रीला निघाला, अनेक नव्या मालकांनी त्यावरच धंदा उभारला, आणि ज्या गाडीचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत तिचे बुश स्थानिक टर्नरकडून करवून घेणे ही सवय त्या काळात पक्की झाली. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन होऊन तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांच्या १९५४ च्या करारातून जमशेदपूरचा ट्रक आला. त्याच सुमारास, केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारी धोरणामुळे काढता पाय घ्यावा लागला. देशी ट्रकांचे नमुने थोडे आणि वर्षानुवर्षे तेच राहिले. यामुळे ग्राहकाची निवड आखडली हे खरे, पण दुरुस्तीच्या दृष्टीने तो काळ फार सोयीचा होता, कारण एकदा पिनेचे आणि बुशाचे माप हाताला बसले की ते पुढची वीस-पंचवीस वर्षे उपयोगी पडे. किर्लोस्कर घराण्याने हरिहर येथे १९४१ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातील लेथ देशभर पसरले, कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतशाळा आणि यंत्रशाळा शेजारी शेजारी वाढल्या, आणि पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांची दुकाने दाटली.

याच काळात दुरुस्तीची एक शिस्तबद्ध शाळाही उभी राहिली, ती सरकारी बससेवेच्या रूपाने. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली तेव्हा ताफ्यात अनेक कंपन्यांच्या गाड्या होत्या, आणि त्या सर्वांची निगा राखण्याच्या गरजेतून आगारांचे जाळे तयार झाले. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा त्यातूनच नावारूपाला आल्या. ठरावीक किलोमीटरनंतर पिना-बुश तपासायचे, ग्रीस भरल्याची नोंद करायची, झिजेचे माप घेऊनच भाग बदलायचा, ही पद्धत आगारात पाळली जाई. खासगी मालमोटारीच्या जगात अशी वही क्वचितच असे. तिथे कानावर भिस्त होती.

बुश झिजल्याची खूण खरोखरच आधी कानाला कळते. कोरडा पडलेला बुश करकरतो, आणि झिजून ढिला झालेला बुश गाडी खड्ड्यातून जाताना खडखडतो. पुढे डोळ्याला मिळालेली ही मोकळीक आसापर्यंत पोहोचते: एका बाजूचा आस किंचित मागे सरकतो, गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालते, स्टिअरिंग एका अंगाला ओढते आणि टायर एका कडेने खरवडले जातात. म्हणजे स्वस्तातला स्वस्त भाग वेळेवर बदलला नाही तर त्याचे मोल महागातला भाग चुकवतो. अनुभवी चालक पाट्याच्या टोकाशी पहार घालून ती उचलून पाहतात. पिन आणि डोळा यांच्यामध्ये डोळ्याला दिसेल इतकी हालचाल झाली की दुरुस्तीची वेळ झाली असे समजतात.

ग्रामीण महाराष्ट्रात या दुरुस्तीला एक ऋतूही होता. पावसाळ्यात वीटभट्ट्या आणि वाळूची वाहतूक थंडावते, आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. त्यामुळे ज्याची एकच गाडी आहे आणि जो स्वतःच ती चालवतो अशा मालकाला गणपती ते दसरा हा काळ गाडी अंगणात उभी करून खालची कामे उरकण्यासाठी सोयीचा पडे. पावसातल्या चिखलाने बुशातले ग्रीस धुऊन गेलेले असे, आणि हंगाम सुरू झाला की उसाच्या शेतातल्या काळ्या मातीच्या चाकोऱ्यांतून भरलेली गाडी काढायची असे. हे काम घरी करण्यामागे मजुरी वाचवणे हा हेतू उघडच होता; पण स्वतः पिन काढून पाहिल्याशिवाय गाडीच्या खालच्या अंगाची खरी अवस्था कळत नाही, हेही मालकांना ठाऊक होते, आणि हे ज्ञान मजुरीच्या बचतीपेक्षा कमी मोलाचे मानता येणार नाही.

या घरगुती पद्धतीची पावले ठरलेली आहेत, आणि त्यांतील प्रत्येक पावलामागे एक कारण आहे. आदल्या रात्री पिना, नट आणि यू-बोल्टांचे आटे डिझेलने किंवा रॉकेलने भिजवून ठेवतात, म्हणजे गंज सैल होतो. गाडी कठीण, सपाट जमिनीवर घेऊन दुसऱ्या आसाच्या चाकांना पुढूनमागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावतात. जॅकने चॅसी उचलून तिच्याखाली घोडी, म्हणजे भार पेलणारा लोखंडी तिपाई आधार, ठेवतात. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे हा या कामातला सर्वांत मोठा धोका आहे, आणि जाणते कारागीर याबाबत कोणतीही सवलत देत नाहीत. यानंतर आसाला दुसऱ्या जॅकचा आधार देऊन तो इतकाच वरखाली करतात की पिनेवर ना वरून दाब राहील ना खालून; पाटा ताणलेल्या अवस्थेत असेल तर पिन सुटताच तो उसळतो. पिन जागेवर धरून ठेवणारा आडवा लॉक बोल्ट काढतात आणि पितळी दांड्यावर घण मारून पिन बाहेर काढतात. दांडा पितळी असतो, कारण पोलादावर पोलादाचा घाव बसला तर पिनेचे तोंड फुलते आणि मग ती ब्रॅकेटमधून निघतच नाही.

जुना बुश काढणे हे कामाचे सर्वांत चिवट अंग आहे. कारखान्यात हायड्रॉलिक प्रेस असते, घरी ती नसते. म्हणून बुशाच्या बाहेरील व्यासापेक्षा किंचित लहान दांडा लावून घणाने बुश ठोकतात, किंवा लांब आट्याचा बोल्ट डोळ्यातून ओवून एका अंगाला मोठी नळी आणि दुसऱ्या अंगाला वायसर ठेवून नट आवळत जातात, म्हणजे बुश हळूहळू नळीत ओढला जातो. याच साधनाची दिशा उलटी केली की नवा बुश बसवता येतो, आणि तो घणाने बसवण्यापेक्षा आट्याने ओढून बसवणे केव्हाही श्रेयस्कर, कारण तो तिरका जात नाही. फारच अडलेला बुश आतून हॅकसॉच्या पात्याने लांबीच्या दिशेने कापून कोसळवतात. हे करताना पाते डोळ्याच्या पोलादाला लागू नये याची काळजी घ्यावी लागते, कारण तिथे पडलेला ओरखडा पुढे तड्याचे मूळ होतो. नवा बुश बसवताना त्याचे ग्रीसचे भोक योग्य जागी जुळले आहे का हे पाहणे अत्यावश्यक असते. घट्ट बसल्यामुळे बुश आतून किंचित आक्रसतो, म्हणून त्यात रीमर, म्हणजे भोक अचूक मापाचे करणारे धारदार हत्यार, फिरवतात. पिन हाताने सरकेल पण डुगडुगणार नाही, हे माप बोटांनाच कळते. शेवटी कडेने स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस गन चालवतात. सुटलेले यू-बोल्ट शक्यतो नवे घालतात, कारण एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तितकीच पकड देत नाही, आणि थोडे अंतर चालल्यावर सर्व नट पुन्हा आवळतात.

या कामात घर आणि बाजार यांची श्रमविभागणी स्पष्ट दिसते. बुश उतरवणे व चढवणे घरी होई, बुश करणे टर्नरकडे, आणि पाटाच तुटलेला किंवा कमान बसलेली असेल तर महामार्गालगतच्या पाटेवाल्याकडे जावे लागे, ज्याच्या भट्टीत पाटा लाल करून पुन्हा कमान दिली जाई. काढलेल्या बुशाचा तुकडाही वाया जात नसे. गनमेटलची मोड वजनावर विकली जाऊन पुन्हा भट्टीत जाई. मोडलेल्या पाट्याचे भाग्य याहून मोठे होते. ट्रकच्या पाट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या सिलिकॉन-मँगनीज पोलादात कार्बन सुमारे अर्धा टक्का किंवा थोडा अधिक असतो, त्याला धार चांगली राहते, आणि गावोगाव फिरणारे घिसाडी तसेच स्थायिक लोहार त्यापासून कोयते, कुऱ्हाडी, विळे घडवत आले आहेत. ऊसतोडणीच्या पट्ट्यात पाट्याच्या कोयत्याला वेगळा मान आहे, आणि ऊस वाहणाऱ्या गाडीचे पोलाद ऊस तोडणाऱ्या हातात जाण्याची ही वाट ग्रामीण अर्थव्यवहाराच्या अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहावी अशी आहे.

रबराच्या बुशाने हे चित्र बदलले. चार्ल्स गुडइयर याला रबर पक्के करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट १८४४ मध्ये मिळाले होते, पण पाट्याच्या डोळ्यात रबर आले ते दोन महायुद्धांच्या दरम्यान, प्रथम मुख्यतः हलक्या गाड्यांत. याचे तत्त्व गनमेटलच्या अगदी उलट आहे: इथे कोणताच पृष्ठभाग दुसऱ्यावर घासत नाही, तर दोन धातूच्या नळ्यांमधले रबर पिळले जाते आणि सैल सोडल्यावर मूळ जागी येते. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही, आवाज नसतो, हादरे कमी पोहोचतात. उलट खनिज तेल लागले तर ते फुगून खराब होते. १९८६ मध्ये पुण्यात तयार होऊ लागलेल्या टाटा ४०७ सारख्या हलक्या मालगाड्यांच्या प्रसाराबरोबर लहान मालकाच्या अंगणात ट्रकचे काम पूर्वीपेक्षा जास्त वेळा होऊ लागले, आणि बाजारात लेथवरच्या बुशाशेजारी तयार रबरी, नायलॉनचे आणि पुढे पॉलियुरेथेनचे बुश मांडले जाऊ लागले. पॉलियुरेथेनचा शोध ऑटो बायर यांच्या जर्मनीतील चमूने १९३७ मध्ये लावला. ते रबरापेक्षा कणखर असते, पण हादरा अधिक पोहोचवते.

जुन्या सवयी नव्या बुशाला मारक ठरतात हे इथे नोंदवले पाहिजे. गनमेटलचा बुश असलेली पिन गाडी जॅकवर असतानाच आवळली तरी बिघडत नाही, कारण तिच्याभोवती बुश फिरतच असतो. रबरी बुशाचा बोल्ट तसा आवळला तर रबर लटकत्या पाट्याच्या स्थितीत घट्ट धरले जाते, गाडी जमिनीवर टेकताच ते पिळलेल्या अवस्थेत जाते आणि रिकाम्या उभ्या गाडीतही ताणलेले राहून लवकर फाटते. म्हणून गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा आवळ द्यायचा असतो. तसेच फाटलेले रबर काढण्यासाठी ते जाळण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली. ती झटपट आहे, पण तिच्यातून विषारी धूर निघतो, आणि ज्योत जास्त वेळ लागली तर डोळ्याच्या पोलादाचे पाणी उतरते, म्हणजे बुश वाचवण्याच्या नादात मेन पाटा कमकुवत होतो. अशी इजा दिसत नाही, पण काही महिन्यांनी पाटा घाटात मोडतो.

ओझ्याचा प्रश्न या सगळ्यामागे सतत उभा राहिला. क्षमतेपेक्षा जास्त माल भरण्यासाठी जुडग्यात जादा पाटा टाकणे हा प्रकार सर्वपरिचित आहे; त्यामुळे गाडी बसत नाही, पण पाटे ताठर होऊन प्रत्येक हादरा पिन, बुश आणि ब्रॅकेटवर जोराने आदळतो, आणि बुशाचे आयुष्य घटते. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने आसावरील भाराची मर्यादाच वाढवली, चार टायरच्या एका आसासाठी ती १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. त्याच्या आगेमागे पाट्यांची रचनाही बदलत गेली: अनेक सारख्या पट्ट्यांऐवजी मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळत्या होत जाणाऱ्या दोन-तीन पट्ट्यांचे पॅराबोलिक पाटे अनेक नव्या गाड्यांत आले, ज्यांची कमान रस्त्याकडेच्या भट्टीत ठोकून देणे योग्य ठरत नाही. आणि दोन मागच्या आसांच्या अवजड गाड्यांच्या बऱ्याच रचनांत मागच्या पाट्याच्या टोकाला डोळाच नसतो. पाट्याचे सपाट टोक ब्रॅकेटमध्ये सरकते, पिन नाही, बुशही नाही, आणि घर्षण ब्रॅकेटमध्ये बसवलेल्या बदलत्या पट्ट्यांवर घेतले जाते, ज्या झिजल्यावर काढायला घणापेक्षा पाना जास्त उपयोगी पडतो.